आधी विचारा, मग सुई टोचा

(कार्यकर्त्यांच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



धानाचं चुरणं अर्धवट टाकून तुम्ही सगळे आलात. वनहक्काच्या दाव्यांचं काय झालं ते ऐकायला आलात, ते आपण दुपारी बोलू. आत्ता आम्ही एचआयव्हीच्या तपासणीवर बोलणार आहोत. मागं बसलेले पोट्टे हसून रायले, ते आम्हाला दिसते. हसा, पण उठून जाऊ नका. हा विषय पण हक्काचाच आहे.

रोवणी-कापणी संपली की आपल्या भंडारा जिल्ह्यातला माणूस कुठं जातो? कोणी नागपूरकडं वीटभट्टीवर, कोणी तेलंगणात मिरची तोडायला, कोणी ट्रकवर क्लीनर म्हणून. जंगलातली बांधी पिढ्यान्‌पिढ्या कसतो, पण पट्टा नाही, म्हणून घर सोडावं लागते. महिनोन्‌महिने घराबाहेर राहिलं की आजाराची जोखीम वाढते. बाहेर जाणारा माणूस वाईट असतो असं आम्ही म्हणत नाही. जमीन नाही म्हणून तो जातो, एवढंच म्हणतो.

आता मागच्या एका गावातली गोष्ट सांगतो. त्यात चूक आमची होती, म्हणून गावाचं नाव घेत नाही. तिथं बाहेरून परतलेला एक माणूस आजारी पडला आणि गावात कुजबुज सुरू झाली. ग्रामसभेत विषय निघाला की मिरचीवरून परतलेल्या सगळ्या पोरांची रक्त-तपासणी सक्तीनं करायची, तसा ठरावच घ्यायचा. आम्ही कार्यकर्ते खूश झालो. आरोग्यासाठी ग्रामसभा पुढं येते, याहून चांगलं काय? ठराव लिहायला आम्हीच वही काढली. तेव्हा मागून एक म्हातारी आई उठली. म्हणाली, "अन् कागद आल्यावर वाचंल कोन? इथंच सभेत वाचाल का जी?"

आमच्याजवळ उत्तर नव्हतं. वही मिटली.

त्यानंतर आम्ही ठरवलं, आधी लोकांना विचारायचं. आम्ही काही सर्वे केला नाही. संध्याकाळी अंगणात, तेंदूपत्त्याच्या फळीवर, बायांसोबत पाण्यावर बसून विचारलं. तपासणी करायची तर कुठं, कोणाकडून, कधी? लोकांनी जे सांगितलं ते असं.

बाया म्हणाल्या, शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल लावून मोठ्यानं नाव पुकारू नका. गावातलीच कोणी नोंद करणार असंल तर आम्ही येत नाही, ती आमच्या नात्यातली, गोष्ट चुलीपर्यंत जाते. पण दुसऱ्याच बाया म्हणाल्या, गावची आशाताईच सोबत पाहिजे, परक्यासमोर तोंड उघडत नाही. पोरं म्हणाले, तालुक्याला जाऊ, तिथं कोणी ओळखत नाही. त्यावर एक म्हातारा बोलला, "जाशीन, पण एसटीचं भाडं अन् रोजी कोन देईन?" अनेकांनी विचारलं, सिकलसेलचं म्हणून बोट टोचलं, मलेरियाचं म्हणून टोचलं, त्यातच ही तपासणी पण करून टाकली का? याचं उत्तर आजपर्यंत त्यांना कोणी समजावून दिलं नव्हतं.

म्हणजे सगळ्यांचं एकच म्हणणं नाही. कोणाला जवळ पाहिजे, कोणाला दूर. यातलं बरोबर कोणतं, हे शिबिर घेणाऱ्यानं ठरवायचं नाही, आम्ही पण ठरवायचं नाही. दोन्ही रस्ते उघडे पाहिजेत.

विचारून काम होते, हे आपल्या शेजारच्या गडचिरोलीत दिसलेलं आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारलं, दवाखान्यात का येत नाही? लोक म्हणाले, इमारत मोठी, भीती वाटते. डॉक्टर पांढरे कपडे घालतात, आमच्यात पांढरं मढ्यावर टाकतात. नातेवाइकांना राहायला जागा नाही. मग शोधग्राममध्ये झोपड्यांच्या वस्तीसारखा दवाखाना झाला, सोबतच्यांना राहायची सोय झाली आणि नाव मिळालं दंतेश्वरी मायचं. विचारलं म्हणून हे कळलं.

आता माहितीच्या चार गोष्टी. एचआयव्ही असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, एकमेकांच्या सुईतून आणि आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवल्यानं, एका हापशीचं पाणी प्यायल्यानं, हात धरल्यानं होत नाही. जिल्हा रुग्णालयात आणि अनेक ग्रामीण रुग्णालयांत एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असते, तिथं तपासणी फुकट होते. लागण नवी असली तर ती तपासणीत लगेच दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगतात. लागण निघाली तरी माणूस संपत नाही. एआरटीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात २००४ पासून फुकट मिळतात. रोज न चुकता घेतल्या तर माणूस बांधीत काम करतो, लेकरं वाढवतो. गरोदर बाईला वेळेवर कळलं तर औषधानं बाळ वाचवता येते. म्हणून तपासणी करा, हेच आमचं सांगणं आहे. पण ती स्वतःच्या मनानं.

यासाठी कायदा आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. माणसाला समजावून, त्याची संमती घेतल्याशिवाय तपासणी नाही. निकाल गुप्त ठेवायचा. लागण आहे म्हणून कामावरून, शाळेतून, दवाखान्यातून हाकलता येत नाही.

आपण २००६ च्या वनहक्क कायद्यासाठी भांडतो. आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, तरी वनहक्कात ग्रामसभा मोठी आहे, हे आपण साहेबांना ठणकावून सांगतो. पण साथींनो, ग्रामसभेची पण एक हद्द असते. जंगल गावाचं, तळं गावाचं. माणसाचं रक्त मात्र गावाचं नाही, ते त्याचं एकट्याचं. शिबिर कुठं लावायचं, कधी लावायचं, पडदा पाहिजे का, बाई पाहिजे का, हे ग्रामसभा सांगू शकते. कोणाची तपासणी झाली आणि काय निघालं, हे विचारायचा हक्क ग्रामसभेला नाही, संघटनेला नाही, आम्हाला पण नाही. विचारल्याशिवाय आमची जमीन घेऊ नका म्हणणाऱ्यांनी विचारल्याशिवाय कोणाचं रक्त घेऊ नये.

तर गावोगावी चार मागण्या ठेवा :

१. बोट टोचण्याआधी कोणती तपासणी, कशासाठी, ते आपल्या बोलीत सांगावं.

२. नाव पुकारू नये. आडोसा असावा. बायांसाठी बाई असावी.

३. शिबिर रोवणी-कापणीत नको. बाहेर गेलेली माणसं परतल्यावर घ्यावं.

४. ज्याला तालुक्याला जायचं त्याच्या जाण्यायेण्याची सोय व्हावी.

आणि पाचवी गोष्ट आपली आपल्याला : कोणी तपासणी करून आला तर काय निघालं हे विचारू नका. जेवला का, एवढं विचारा.

त्या गावात ठराव झाला नाही. पण पुढं आमच्यातले दोघं-तिघं आपल्या मनानं केंद्रावर जाऊन आले. निकाल काय आला, ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

जय सेवा!