मूळ संहिता कोणाच्या हाती?



एकाच यंत्रावर अनेक स्वतंत्र संगणक नांदवण्याच्या तंत्रास आभासीकरण म्हणतात. हायपरव्हायजर नावाची नियंत्रक आज्ञावली प्रक्रियक व स्मृती यांची वाटणी करून प्रत्येक पाहुण्या प्रणालीस तिचा वाटा नेमून देते. वरवर पाहता हा निव्वळ तांत्रिक विषय. वस्तुतः त्यात मालकीचा प्रश्न दडलेला आहे.

केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ साली ‘झेन’ ही अशी आज्ञावली जगापुढे मांडली. तेव्हाचे इंटेल पद्धतीचे प्रक्रियक अशा वाटणीसाठी घडवलेले नव्हते. म्हणून पाहुण्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, बदलणे भाग होते. लिनक्सची मूळ संहिता खुली असल्याने सुमारे ३,००० ओळींत काम भागले. विंडोज एक्सपीवरही प्रयोग झाला. पण तिची संहिता परवान्याने जखडलेली असल्याने बदललेली प्रणाली सर्वांस वाटता येईना. बुद्धी तीच, यंत्र तेच. अडसर मालकीचा होता.

त्या काळी झेन संहितेपासून बसवणाऱ्यास प्रथम ती कंपाइल करावी लागे; मग झेनसाठी पाहुणा कर्नल निराळा घडवावा लागे. त्यात आभासी डिस्कचा चालक घ्यावयाचा राहिला, तर पाहुणी प्रणाली आपली मूळ फाइलव्यवस्था न सापडून सुरू होतानाच थांबे. अशा चुकांतूनच करणाऱ्यास यंत्राचे अंतरंग उमगे.

२००५ पासून प्रक्रियकांतच आभासीकरणाची सोय आली आणि न बदललेली प्रणालीही चालू लागली. मग संहितेची आवश्यकता संपली काय? मुळीच नाही. २००७ साली झेनमागील कंपनी सिट्रिक्सने विकत घेतली. तरी खुल्या परवान्यामुळे संहिता सर्वांचीच राहिली. उलट, २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि डिसेंबरातच कायमचे परवाने विकणे बंद करून वर्गणीची पद्धत लादली. ज्याच्यापाशी ना संहिता, ना ती घडवण्याचे ज्ञान, त्याला मालकाच्या अटी मान्य करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. कुळाची स्थिती याहून वेगळी नसते.

मात्र खुला परवाना केवळ हक्क देतो. तो बजावण्याचे सामर्थ्य श्रमानेच येते. म्हणून सहकारी संस्था, महाविद्यालये व ग्रंथालये यांनी आपल्या दोन-चार तरुणांना तरी कर्नल स्वहस्ते घडवावयास शिकवावे. साधन वापरता येणे निराळे आणि ते घडवता येणे निराळे. स्वातंत्र्य दुसऱ्यात आहे.