वेगळं बसवणं आणि वेगळं शिकवणं

(विहाराच्या वर्धापनदिनी पालक मेळाव्यात केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला, मुलांसाठी शाळा कशी निवडावी. आमचं स्वतःचं शिक्षण म्हणाल तर नववी नापास. पुढचं जे काही झालं ते गिरणीच्या रात्रपाळीत, युनियनच्या कचेरीत आणि याच विहाराच्या कपाटातली पुस्तकं वाचून. तेव्हा तज्ज्ञ म्हणून आम्ही बोलत नाही. आमच्या हातून घरात एक चूक झाली, ती सांगायला उभे आहोत.

तुम्हाला आठवत असेल, याच माईकवरून आम्ही तावातावाने बोललो होतो की, आपल्या समाजाच्या पोराने पालिकेच्या शाळेची पायरी चढायची नाही. टाय, बूट, इंग्रजी, त्याशिवाय पोर वर येत नाही. नातू सहा वर्षांचा झाला आणि शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्क्यांतून त्याचा नंबर एका खाजगी इंग्रजी शाळेत लागला. आम्ही चाळीत पेढे वाटले.

दिवाळीपर्यंत पोराची वाचा बसली. घरातला बडबड्या पोरगा, शाळेचं नाव काढलं की मुका. रात्री अंथरूण ओलं. सूनबाई विचारायला गेली तर बाई म्हणाल्या, घरात इंग्रजी बोलत जा. पुढे कळलं, फी न भरणारी पोरं शेवटच्या रांगेत. असा लेखी नियम कुठे नव्हता, पण रांग होती! आता दर १४ एप्रिलला आम्ही काय सांगतो? ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवाचं नाव दाखल झालं, आणि वर्गात वेगळं बसायला त्यांना घरून गोणपाट न्यावं लागे. हे ऐकून लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. आणि आमच्याच नातवाची शेवटची रांग आम्हाला सहा महिने दिसली नाही. टाय दिसत होता ना!

दोन गल्ल्या पलीकडे पालिकेची मराठी शाळा आहे. तिथल्या पहिलीच्या बाई पोरांबरोबर जमिनीवर बसून शिकवतात. सूनबाई ते पाहून आली आणि म्हणाली, मामंजी, मी त्याला तिथे घालते. आम्ही कडाडून विरोध केला. चिंचोके मोजायचे, मणी ओवायचे, चित्रं रंगवायची, हे शिकणं की खेळणं? मनातलं खरं सांगतो. आमच्या बापजाद्यांनी पिढ्यान् पिढ्या हातानेच कामं केली. आता शाळेतही हातच चालवायचे, तर पुस्तक कोणी वाचायचं? श्रीमंताच्या पोराने दोन वर्षं मातीत काढली तरी त्याचं बिघडत नाही, मागे बापाची इस्टेट उभी असते. आपल्या पोराला दुसरी संधी नाही. ही शंका आजही आम्ही खोटी मानत नाही. तीन दिवस आम्ही सूनबाईशी बोललो नाही.

त्या सुट्टीत साताऱ्याकडे बहिणीच्या गावी जाणं झालं. तिथे कुमठे बीटाचं नाव कानावर आलं. बीट म्हणजे एका शिक्षण विस्तार अधिकाऱ्याच्या ताब्यातल्या शाळा. सातारा जिल्ह्यात कुमठे बीटात जिल्हा परिषदेच्या ४० शाळा. साध्या, सरकारी, गावातल्या पोरांच्या. २०१२ च्या सुमारास तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी शिकवण्याची तऱ्हाच बदलली. वर्गाच्या फरशीवर अक्षरं, आकडे, तक्ते रंगवले. फळ्यावरून उतरवून घेण्याऐवजी मुलं गटात बसून वस्तू हाताळत, बोलत, आपसात विचारत शिकू लागली. याला ज्ञानरचनावाद असं जड नाव आहे. अर्थ एवढाच की, ज्ञान पोराच्या डोक्यात ओतता येत नाही, ते त्याचं त्यालाच रचावं लागतं. राज्यभरातले शिक्षक ते बघायला गेले आणि २२ जून २०१५ ला शासनाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा निर्णय काढला. निर्णय निघाला म्हणून सगळ्या शाळा बदलल्या असं नाही. कागद निघणं आणि वर्ग बदलणं यातलं अंतर आम्हा गिरणीवाल्यांना कोणी शिकवायला नको.

परत आल्यावर आम्ही मुख्याध्यापकांची परवानगी काढून पालिकेच्या त्या वर्गात एक सकाळ बसलो. बाईंनी एका मुलीला त्रेचाळीस मांडायला सांगितलं. तिने काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे ठेवले, बाजूला तीन सुट्या काड्या. मग पाटीवर ४३ लिहिलं. शेजारच्या पोराने ३४ लिहिलं होतं. बाई काही बोलल्या नाहीत. ती मुलगीच त्याला म्हणाली, "अरे, बोलताना तीन आधी येतात, पण गठ्ठे चार आहेत ना? मोठे आधी लिही." मंडळी, याच त्रेचाळीससाठी आम्ही मास्तरांच्या छड्या खाल्ल्या आहेत, आणि आमचं का चुकतं ते कोणी सांगितलं नव्हतं. गोलात बसलेल्या त्या पोरांत पुढची रांग कोणती आणि मागची कोणती, ते आम्हाला ओळखता येईना. गिरणीतही आम्ही असंच शिकलो होतो. त्रासन खात्यात जुन्या कामगाराच्या शेजारी उभं राहून, तुटलेला धागा सांधत. फरक इतकाच की तिथे 'का' विचारायची सोय नव्हती.

मग घरी येऊन पुस्तकं काढली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, तिथे जॉन ड्युई त्यांचे गुरू. याच ड्युईंनी १८९६ साली शिकागोला प्रयोगशाळा काढली होती, जिथे मुलं करून बघत शिकत. १९५२ च्या जूनमध्ये बाबासाहेब कोलंबियाची मानद पदवी घेण्यासाठी गेले, तेव्हा ऐन त्याच आठवड्यात ड्युई वारले. इतकी वर्षं आम्ही बाबासाहेबांच्या पदव्या मोजल्या, त्यांचे गुरू शाळेबद्दल काय म्हणत होते ते बघितलं नाही. आणि आपला कायदा? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ वाचा. मुलाने कृतीतून, शोध घेत शिकावं, शक्य तिथवर मातृभाषेत, आणि भीतीशिवाय, असं त्यात आहे. म्हणजे बाई करतात ती खास मेहेरबानी नव्हे, तो आपल्या लेकरांचा हक्क आहे.

पण 'वेगळी शाळा' या शब्दाला लगेच भुलू नका. हंगेरी देशात रोमा नावाचा समाज आहे, आपल्यासारखाच गावाबाहेर ठेवलेला. त्यांच्या पुष्कळ मुलांवर मतिमंद असा शिक्का मारून त्यांना खास शाळांत घातलं गेलं. दोन रोमा तरुण त्यावर युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले, आणि २०१३ साली निकाल लागला की हा भेदभाव आहे. त्याच देशात शायोकाझा नावाच्या गावी तिबोर देरदाक आणि यानोश ओर्शोश या दोघांनी २००७ साली रोमा मुलांसाठी शाळा काढली आणि तिला डॉ. आंबेडकरांचं नाव दिलं. संस्थेचं नाव काय, तर जयभीम! शाळा सुटलेल्या पोरांना पुन्हा बसवून शालान्त परीक्षेपर्यंत न्यायचं, हे तिचं काम. म्हटलं तर दोन्ही वेगळ्याच शाळा. पण पहिल्या शाळेतून पुढे कुठलंही दार उघडत नव्हतं. दुसरीत पोराला परीक्षेच्या दारापर्यंत हात धरून नेत होते.

म्हणून आम्ही आता बघतो ते एवढंच. पोर कुठे बसतं, ते बोलतं का, आणि तिसरी संपेपर्यंत न अडखळता वाचतं का. आधीच्या दोन गोष्टी असून तिसरी नसेल, तर गोडगोड बोलणाऱ्या बाईंनाही जाब विचारायचा. खेळ चालला आहे म्हणून वाचन राहिलं, हे आपल्याला परवडत नाही.

नातू आज तिसरीत आहे. मराठी वर्तमानपत्र वाचतो, आमच्या चुका काढतो. इंग्रजी कच्चं आहे, हे लपवत नाही. त्याच्या बापाला त्याची काळजी आहे, आम्हालाही आहे. सातवीनंतर काय करायचं यावर घरात रोज वाद होतो.

आणि दुसरी काळजी बाईंच्या बदलीची. सरकारी शाळेत चांगलं काम बरेचदा एका माणसावर उभं असतं, तो गेला की फरशीवरचे आकडे पुसट होत जातात. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. आपल्या वस्तीतली कितीतरी पोरं त्या शाळेत आहेत, पण समितीच्या सभेला गेल्या खेपेस आपल्यातून सूनबाई आणि आणखी एक ताई, दोघीच होत्या. बाकीच्यांच्या सह्या नंतर घरोघरी जाऊन घेतल्या.

येत्या शनिवारी सकाळी साडेसातला आम्ही विहाराच्या दारात थांबू. ज्यांना तो वर्ग बघायचा आहे त्यांनी यावं, मुख्याध्यापकांना आम्ही सांगून ठेवलं आहे. पुरुष मंडळींनीही यावं, एकट्या आईला पाठवू नये. चपला बाहेर काढाव्या लागतील आणि खाली बसावं लागेल, गुडघेदुखीवाल्यांसाठी दोन खुर्च्या सांगितल्या आहेत.

जयभीम!