आपली वाट आपणच पाडणारा वादक

पांढुर्णा-सौंसरकडील एखाद्या गावात खंजेरी भजनाचे मंडळ चालविणाऱ्या गृहस्थाला केवळ चांगले गाता येऊन भागत नाही. साथीदार जमविणे, वाद्ये नीट राखणे, रुसलेल्या टाळकऱ्याची समजूत घालणे, ही सारी कामे त्याच्याच शिरावर असतात. मुंबईचे गिटारवादक साहिल मखीजा यांची कारकीर्द पाहू गेल्यास, संगीत सर्वस्वी निराळे असूनही, या मंडळप्रमुखाचीच आठवण होते.

मखीजांचे क्षेत्र मेटल संगीताचे. 1980 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात या संगीताची ‘थ्रॅश’ नावाची अतिद्रुत शाखा बहरास आली. मेटॅलिका आणि स्लेअर ही पथके त्याच शाखेची. त्या सुमारास आणि त्यानंतर ‘डेथ’ व ‘ब्लॅक’ या अधिक उग्र शाखाही फुटल्या. मखीजांनी 2000 साली मुंबईत स्थापन केलेले ‘डिमॉनिक रेझरेक्शन’ हे पथक या उग्र शाखांत मोडते. प्रथम ऐकणाऱ्यास हा निव्वळ गोंगाट वाटण्याचा संभव आहे. परंतु ड्रमवादक दोन्ही पायांनी जलद ठोके देत असता, गिटारच्या तारेवरील प्रत्येक आघात त्या ठोक्याशी तंतोतंत जुळवावयाचा, हे कठोर रियाझावाचून साधत नाही.

हे संगीत वाजवावयाचे कोठे, हा मोठाच प्रश्न होता. मुंबईतील रंगभवन हे खुले नाट्यगृह रॉक संगीताचे जणू माहेरघर. परंतु ध्वनिप्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर तेथील असले कार्यक्रम बंद पडले. बाजारपेठ चित्रपटगीतांनी व्यापलेली. तेव्हा मखीजांनी तक्रारी करीत न बसता ‘डिमनस्टीलर रेकॉर्ड्‌स’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, ध्वनिमुद्रणाची कला आत्मसात केली आणि ‘रेझरेक्शन’ नावाचा महोत्सव भरविला. विशेष हे, की ही दारे त्यांनी इतर पथकांसाठीही उघडी ठेवली.

या उद्योगाचे फळ 2010 साली दिसले. त्या वर्षी ‘द रिटर्न टू डार्कनेस’ हा गीतसंग्रह निघाला, पथकाला नॉर्वेतील ऑस्लो येथील ‘इन्फर्नो’ महोत्सवात स्थान मिळाले आणि ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश मासिकाने त्याला पुरस्कार दिला. 2017 सालच्या ‘दशावतार’ या संग्रहात तर मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराला एकेक गीत वाहिलेले आहे. कीर्तनात ऐकलेली कथा अशी इंग्रजी शब्दांत आणि गर्जणाऱ्या स्वरांत नॉर्वे-इंग्लंडच्या रसिकांपर्यंत जाऊ शकते, हे नवल नव्हे काय? पथकातील साथीदार येत-जात राहिले. मखीजांनी ‘डिमनस्टीलर’ या नावाने स्वतंत्र संग्रहही काढले. त्यांपैकी ‘द प्रोपगंडा मशीन’ हा 2023 सालचा.

आता पालकांच्या मनातील प्रश्न: याने पोट भरते काय? त्याचे उत्तर गोड नाही. मखीजांना संगीताबरोबरच पाककलेचाही आधार घ्यावा लागला. ‘हेडबँगर्स किचन’ या यूट्यूबवरील त्यांच्या कार्यक्रमाचा प्रेक्षकवर्ग लाखांच्या घरात गेला. त्यांच्या संगीताला एवढा श्रोता लाभलेला नाही. पण चुलीने वाद्याला जगविले, यात उणेपणा कसला? आपल्याकडील कित्येक भजनी मंडळी दिवसा संत्र्याच्या बागेत राबतात आणि रात्री खंजेरी हाती घेतात.

2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, तरी येथील एखाद्या तरुणाने गिटार हाती धरल्यास त्याला तयार रंगमंच मिळेलच असे नाही. अशा मुलाला घरच्यांनी दटावण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: रोज रियाझ करतोस काय, आणि चार जणांना सांभाळून नेण्याची तुझी तयारी आहे काय? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर पोटापाण्याचा एखादा उद्योग त्याला जरूर शिकवावा. वाद्य मात्र त्याच्या हातून काढून घेऊ नये.