मुरमाची वाट आणि पगारी रजा



कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाई भत्त्यावर बोलावे, फार तर एखाद्या जुन्या संपाच्या आठवणी सांगाव्यात, अशी लोकांची अपेक्षा असते. आमचा आजचा विषय ‘फ्रान्समधील मोटारविरहित सायकलवाटा’ असा पत्रिकेत छापून आल्यावर दोघातिघांनी आम्हांला वाटेत गाठून विचारले, “काय, चळवळ सोडून सहली काढू लागलात की काय?” या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचे व्याख्यान. या वाटांच्या मुरमाखाली मजुराचा घाम आहे आणि त्यांच्यावरून आज जो माणूस सुखाने सायकल हाकतो त्याच्या खिशातली रजा संपाने मिळवलेली आहे. तेव्हा आम्ही चळवळ सोडलेली नाही.

प्रथम वाट म्हणजे कसली वाट, ते सांगू. फ्रान्सच्या वाहतूक कायद्यात १६ सप्टेंबर २००४ च्या हुकुमाने ‘हिरवी वाट’ ही संज्ञा घालण्यात आली. जिच्यावर यंत्राची गाडी चालत नाही. जी पायी चालणारा, सायकलवाला आणि घोडेस्वार यांच्यासाठीच राखलेली आहे, ती हिरवी वाट. पण कायद्याने नाव दिले म्हणून वाट जन्माला आली, असे नव्हे. वाटा आधीच होत्या. काही कालव्यांच्या काठच्या, काही मोडीत निघालेल्या रेल्वेच्या, काही जंगलात लाकूडतोडीसाठी पाडलेल्या. आपल्याकडे शेताशेतांमधून पाणंद जाते ना, तशीच ही गोष्ट; फरक इतकाच की तेथे पाणंदीला सरकार दरबारी मान मिळाला.

कामानिमित्त आम्हांला तिकडे जाण्याचा योग आला तेव्हा काम आटोपल्यावर हाती चार दिवस उरले. ओसेर नावाच्या गावी सायकल भाड्याने घेतली आणि निव्हेर्ने कालव्याच्या काठाने निघालो. हा कालवा योन नदीवरच्या ओसेरपासून ल्वार नदीवरच्या देसीझपर्यंत सुमारे १७४ किलोमीटर जातो. १७८४ साली काम सुरू झाले आणि कालवा पुरा वाहता होण्यास १८४१ साल उजाडले. सायकलवाला ज्या काठाने जातो तो काठ मुळात सहलीसाठी बांधलेला नाही. पूर्वी नावेला इंजिन नव्हते. काठावरून घोडा, गाढव आणि पुष्कळदा माणूसच छातीला पट्टा लावून दोराने नाव ओढत चाले. त्या ओढणाऱ्याला पाय रोवता यावेत म्हणून हा काठ सपाट आणि घट्ट केलेला. आज आपल्याला चढ लागत नाही, त्याचे श्रेय त्याला आहे.

हा कालवा काढला कशासाठी? पॅरिसच्या चुलींसाठी. पॅरिसला जळण हवे आणि मोर्व्हाँच्या डोंगरात जंगल दाट. सोळाव्या शतकापासून त्या डोंगरातले लाकूड ओढ्यांत सोडून देत. प्रत्येक ओंडक्यावर मालकाची खूण हातोड्याने उमटवलेली असे. ओंडके वाहत वाहत क्लामसी गावापाशी आले, की बाया, माणसे, पोरे कमरेइतक्या थंड पाण्यात उभी राहून ते अडवीत, खुणेप्रमाणे वेगळे काढीत आणि त्यांचे लांबच लांब तराफे बांधीत. मग तराफेवाला हाती काठी घेऊन तो तराफा योन आणि सेन नद्यांवरून पॅरिसला नेई आणि परत येई तो पायी! पॅरिस ते क्लामसी हे अंतर दोनशे किलोमीटरांच्या घरात आहे. ही त्याची ‘सहल’.

क्लामसीच्या पुलावर आज या तराफेवाल्याचा पुतळा उभा आहे. राजाचा पुतळा सगळीकडेच असतो. लाकडे वाहणाऱ्याचा पुतळा पाहिला, की आमच्यासारख्याला सायकलवरून उतरावेसे वाटते. आम्ही उतरलो. ही माणसे नुसती कष्टाळू नव्हती, वाकडीही होती. मजुरीसाठी त्यांनी वेळोवेळी काम बंद पाडले आणि डिसेंबर १८५१ मध्ये लुई नेपोलियनने राज्यघटना मोडून सत्ता बळकावली तेव्हा क्लामसी गावाने उठाव केला. तो चिरडला गेला. कित्येकांना अल्जीरिया आणि काएन येथे काळ्या पाण्यावर धाडण्यात आले. पुढे रेल्वे आणि दगडी कोळसा यांनी तराफ्यांचा धंदाच संपवला.

याच क्लामसीत १८६६ साली रोमाँ रोलाँ जन्मले. गांधीजींवर १९२४ साली ज्यांनी पुस्तक लिहिले आणि नंतर रामकृष्ण व विवेकानंद यांची चरित्रे लिहून युरोपला त्यांची ओळख करून दिली, तेच हे रोलाँ. त्यांचा देहान्त १९४४ साली झाला तो जवळच्याच व्हेझले गावी. तेव्हा ही वाट आपल्याला अगदीच परकी आहे, असे कोणी म्हणू नये.

क्लामसीच्या पुढे सार्दी येथे सोळा जलद्वारांची शिडीच आहे. एकामागून एक दरवाजा, प्रत्येकापाशी राखणदाराचे लहानसे घर. त्याच्यावर कोलांसेल येथे कालवा डोंगराच्या पोटातून जातो. नावा आत शिरतात आणि सायकलवाला डोंगरावरून रान तुडवीत जातो. वाट कोठे डांबरी, कोठे बारीक खडीची, कोठे दोन चाकोऱ्यांच्या मध्ये गवत. हल्ली अशा वाटांसाठी रुंद टायरची, वाकड्या हँडलची खास सायकल निघाली आहे आणि तिची किंमत ऐकून आमच्या पोटात गोळा आला. आमच्या गल्लीतला दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लटकवून याहून वाईट रस्त्यावरून रोज जातो. त्याच्या सायकलला कोणी खास नाव दिलेले नाही.

सगळेच कालवे मजुरीने झाले असेही नाही. ब्रिटनी प्रांतात नान्त ते ब्रेस्त असा सुमारे ३६० किलोमीटरांचा कालवा आहे. त्याच्या काठची वाट सायकलवाल्यांत फार प्रसिद्ध. त्या कालव्यावर ग्लोमेल येथे तीन किलोमीटरांहून लांब खंदक खणला आहे. तो १८२३ ते १८३२ या काळात कैद्यांकडून खणवून घेतला. दोन्ही बाजूंना झाडी वाढून आता तेथे गर्द सावली असते. सावलीत बसावे, भाकरी खावी. पण हा खंदक कोणी खणला ते ठाऊक असावे.

आता रेल्वेच्या वाटा. १८७९ साली मंत्री फ्रेसिने यांच्या योजनेने लहान लहान गावांपर्यंत रूळ नेण्याचे ठरले आणि पुढच्या तीसपस्तीस वर्षांत फ्रान्सचा कोपरा न् कोपरा आगगाडीने जोडला गेला. मग मोटार आली. १९३८ साली रेल्वे राष्ट्रीय झाली आणि त्या सुमारासच उतारूंच्या गाड्या भराभर बंद होऊ लागल्या. रूळ उखडले, पण मातीचा भराव, पूल, बोगदे राहिले. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नसल्याने ही वाट जवळजवळ सपाट असते. म्हातारा माणूस, लहान मूल, कोणीही तीवरून जाऊ शकते. बरगंडीत जिव्री ते क्लूनी ही ४४ किलोमीटरांची वाट १९९७ साली अशा जुन्या मार्गावर उघडली. फ्रान्समधली ही पहिली हिरवी वाट मानतात. ती डांबरी आहे. क्लूनीच्या दक्षिणेस ब्वा-क्लेरचा सोळाशे मीटर लांबीचा बोगदा लागतो. हिवाळ्यात तो बंद ठेवतात, कारण तेथे वटवाघळे झोपलेली असतात. वटवाघळांना हक्काची हिवाळी रजा!

येथे मात्र आम्हांला एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. गाडी बंद होते तेव्हा नुसते रूळ जात नाहीत. स्टेशनमास्तर जातो, सांधेवाला जातो, गँगमन जातो आणि ज्या बाईला तालुक्याच्या दवाखान्यात जायचे असते तिची गाडी जाते. वीसपंचवीस वर्षांनी त्याच जागी सहलीची वाट होते, स्टेशनच्या इमारतीत कॉफी मिळू लागते आणि शहरातला माणूस म्हणतो, किती शांत गाव! गाव शांत आहे कारण तरुण मंडळी निघून गेली. एकदा का वाट लोकांच्या आवडीची झाली, की तेथे पुन्हा रूळ टाका अशी मागणी करणेही कठीण. आम्ही वाटांच्या विरुद्ध नाही. उलट भराव विकून तुकडे होण्यापेक्षा तो सार्वजनिक राहिला हे शंभर पटींनी बरे. पण गाडी होती तेथे गाडीच हवी आणि ती मेलीच असेल तर मग वाट, हा क्रम आम्ही सोडणार नाही. वऱ्हाडात शकुंतलेची वाट पाहणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरी वाट जंगलातली. फ्रान्समध्ये जंगलाचा सुमारे चौथा हिस्सा सार्वजनिक मालकीचा आहे, बाकीचे खाजगी. सार्वजनिक जंगलात लाकडाच्या गाड्यांसाठी मुरमाचे रस्ते आहेत. त्यांच्या तोंडाशी आडवा बांबू टाकलेला असतो. मोटार थांबते, सायकल बाजूने निघून जाते. १९९१ च्या एका कायद्याने रानावनात रस्ता सोडून मोटार घालण्यास बंदी केली. पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या जंगलात तर वाटांचा एक वेडा होऊन गेला. देनकूर त्याचे नाव. नेपोलियनचा जुना शिपाई, घरचा गरीब, शाळा जेमतेम पाहिलेला. १८४२ पासून त्याने पदरमोड करून जंगलात पायवाटा काढल्या आणि झाडांवर, खडकांवर निळे बाण रंगवले. आज जगभर डोंगरात रंगाच्या खुणा दिसतात, त्या पद्धतीच्या आद्य प्रवर्तकांत त्याची गणना होते. त्याच्या अरुंद पायवाटांवर सायकलीला मज्जाव आहे. सायकलने रुंद रस्त्यावरून जावे. आम्हांला हे योग्यच वाटते.

मुरमाबद्दल दोन शब्द सांगतो, कारण डांबर की मुरूम यावर तेथे गावोगाव भांडणे होतात. मुरमाची वाट स्वस्त पडते, पाणी मुरू देते आणि उन्हात कमी तापते. पण पावसात तिच्यावर ओघळी पडतात, गवत चढते. दरसाल नाल्या काढाव्या लागतात, खड्डे भरून रोलर फिरवावा लागतो. म्हणजे तिला माणूस लागतो, कायमचा. डांबरावर चाकाची खुर्ची आणि बाबागाडी सहज चालते, हे डांबराच्या बाजूचे खरे म्हणणे. ज्या पंचायतीला मजूर ठेवायचा नसतो ती ‘निसर्ग, निसर्ग’ म्हणत मुरूम टाकते आणि तीन पावसाळ्यांत वाट बुडवते.

राहिली रजेची गोष्ट. वाट असून काय उपयोग, मोकळा दिवसच नसेल तर? १९३६ च्या मे-जूनमध्ये फ्रान्समधल्या सुमारे वीस लाख कामगारांनी संप केला आणि पुष्कळ ठिकाणी कारखान्यातच ठाण मांडले. लेओं ब्लुम यांच्या सरकारने २० जून रोजी सर्वांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा केला. दुसऱ्याच दिवशी चाळीस तासांच्या आठवड्याचा कायदा झाला. लेओ लाग्रांज नावाच्या तरुण उपमंत्र्याने रेल्वेचे तिकीट चाळीस टक्क्यांनी स्वस्त करवले. त्या उन्हाळ्यात सायकलींवरून, दोघांच्या जोडसायकलींवरून लोक समुद्राकडे निघाले. जन्मात समुद्र न पाहिलेले लोक! लाग्रांज १९४० च्या जूनमध्ये लढाईत पडला. रजा मात्र वाढत गेली: १९५६ साली तीन आठवडे, १९६९ साली चार, १९८२ साली पाच. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा दिली. ती किती कामगारांच्या हाती पडली आणि कंत्राटी माणसाच्या वाट्याला त्यातले काय आले, हे या सभागृहातल्या पुष्कळांना अनुभवाने ठाऊक आहे.

सार्दीच्या शिडीवर आम्ही दुपारी पोहोचलो तेव्हा एक मोठी, चकचकीत नाव दरवाजाशी उभी होती. मालक घड्याळाकडे पाहत येरझारा घालीत होता. दरवाजा बंद, कारण जलद्वाराच्या राखणदाराची जेवणाची सुटी होती. बारा ते एक. सुटी नियमाने ठरलेली. नाव कोणाचीही असो. आम्ही सायकल झाडाला टेकवली, डबा उघडला आणि एक वाजेपर्यंत तेथेच बसून राहिलो.