रक्ताच्या अहवालातील आकडे



जळगावात काय किंवा धुळ्यात काय, रक्ततपासणीचा कागद हाती पडला की आपली नजर प्रथम ठळक छापलेल्या आकड्यावर जाते, आणि तो शेजारी दिलेल्या मर्यादेबाहेर असला तर साऱ्या घराला घोर लागतो. वस्तुतः बहुतेक घटकांची ही मर्यादा निरोगी माणसांच्या मोठ्या समूहाचे रक्त तपासून आणि दोन्ही टोकांचे मिळून शेकडा ५ निकाल वगळून आखलेली असते. म्हणजे विसांतील एखादा धडधाकट मनुष्य तिच्याबाहेर पडणार, हे आधीच गृहीत असते. उलटपक्षी, रक्तातील कॅल्शियम खालावू लागताच मानेतील परावटू ग्रंथी ते हाडांतून उपसून घेते, त्यामुळे हाडे झिजत असतानाही कागदावरचा आकडा निर्दोष दिसू शकतो.

परंतु आपल्या प्रांतात सर्वांत अधिक गैरसमज हिमोग्लोबिनविषयी आहे. स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले की लोहाच्या गोळ्या, हा जणू रिवाजच पडला आहे. पण लोहाच्या शिलकीचा हिशेब हिमोग्लोबिन नव्हे, तर रक्तातील फेरिटिन हे प्रथिन सांगते; ते मिलिलिटरमागे १५ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर कोठार रिते आहे हे निश्चित, मात्र अंगात ताप किंवा दाह असताना तेच फेरिटिन चढते आणि रित्या कोठाराला भरलेले भासवते.

शिवाय पांडुरोगाचे, म्हणजे हिमोग्लोबिन उतरण्याचे, कारण दरवेळी लोहाची उणीवच असते असे नाही. ल्यूसी विल्स ही इंग्रज विदुषी १९२८ मध्ये मुंबईस आली आणि तिने गिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांच्या तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने फुगलेल्या आढळल्या. त्या स्त्रिया यीस्टच्या अर्काने सुधारल्या. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे प्रसिद्धीस आलेले फॉलिक आम्ल. अशाच फुगीर पेशी बी-१२ च्या अभावीही दिसतात, आणि वनस्पतिजन्य अन्नात ते जीवनसत्त्व नसल्यामुळे आपल्या माळकरी व जैन कुटुंबांनी याकडे विशेष लक्ष पुरवावे. बी-१२ न तपासता नुसते फॉलिक आम्ल दिले तर हिमोग्लोबिन सुधारते, घरचे निर्धास्त होतात, आणि तळपायांना मुंग्या येण्यापासून सुरू झालेली मज्जातंतूंची हानी मात्र बिनबोभाट चालू राहते. मला हे फार क्लेशदायक वाटते, कारण वेळीच ओळखल्यास उपाय सोपा व स्वस्त आहे.

आता सातपुड्याकडे वळू. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात राहणाऱ्या पावरा व भिल्ल बांधवांत सिकलसेल हा आनुवंशिक विकार आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून अकाली फुटतात. हिमोग्लोबिन उतरते, पण लोहाचा साठा पुरेसा असू शकतो, आणि वारंवार रक्त चढवावे लागलेल्या रुग्णात तर तो घातक प्रमाणात साचतो. हा विकार असलेल्या मुलीस फेरिटिन न पाहता महिनोन्महिने लोह देत राहणे हा तिच्यावर अन्याय आहे.

सिकलसेलची प्राथमिक चाचणी साधी आहे. द्रावणात रक्ताचे थेंब मिसळून ती नळी रेघा आखलेल्या कागदापुढे धरतात; रेघा स्पष्ट दिसल्या तर बहुधा चिंता नाही, द्रावण गढूळ होऊन त्या दिसेनाशा झाल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. तथापि केवळ वाहक असलेल्या निरोगी व्यक्तीचे द्रावणही गढूळच होते, म्हणून पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी करवून घ्यावी, आणि मूल वाहक आहे की रुग्ण, हे डॉक्टरांकडून स्पष्ट शब्दांत विचारून घ्यावे.