वहीत नसलेली

याच सुप्यात 12 मे 1875 ला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्या वह्यांत लिहिलेलंच त्यांच्या मुळावर आलं होतं. मी सांगतेय ती बाई मात्र कुठल्याच वहीत नाही. नवऱ्याच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात ती गुण्या लावून अँगल धरते, तो टाके मारतो. काच एकच, ती त्याच्या तोंडावर. ही नुसती मान वळवते. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. ग्राइंडरने घासणं, रेडऑक्साइड मारणं, तेही तिचंच. विचारलं, काय काम करता? म्हणाली, "काही नाही, घरीच असते." आणि मीही फॉर्मवर 'गृहिणी' लिहून मोकळी झाले! परवा तो फॉर्म घेऊन परत गेले. दुसऱ्या काचेचं नवऱ्याने कबूल केलंय. मजुरीचं अजून नाही.