कामाला उंबरठा हवा

मुलगा दिवसभर घरी असतो, पण घरच्यांना लाभत नाही. सून समोर बसलेली असते, पण तिच्याशी दोन शब्द बोलण्याची सोय नसते. सकाळचा चहा संगणकापुढे, दुपारचे जेवण संगणकापुढे आणि रात्री पाने वाढल्यावरही "एवढे एक उत्तर पाठवितो आणि आलोच" ही विनवणी. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, पणजी यांपैकी कोणत्याही शहरात अशी कुटुंबे आज सहज आढळतात. कचेरीत जाणारा माणूस निदान संध्याकाळी परत येत असे. घरी बसून काम करणारा माणूस परत येतो तरी केव्हा, हा आजच्या भाषणाचा प्रश्न आहे.

घरी काम करणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नव्हे. सोनाराची शेगडी ओसरीवर असे, शिंप्याचे यंत्र दाराशी असे, कोष्ट्याचा माग तर घरातच असे. नर्मदाकाठच्या महेश्वरास अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात विणकर आणून वसविले. तेथील विणकामाची परंपरा आजही चालू आहे. त्या काळी कष्ट कमी होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या कष्टांना काही स्वाभाविक बंधने होती. उजेड गेला की धागा दिसेनासा होई आणि हात थांबत. अमावास्येला औत न धरण्याची रीत पुष्कळ गावांत पाळली जात असे. त्या रीतीमागील श्रद्धा कोणी मानो वा न मानो, तिने माणसाला आणि बैलाला एक दिवसाचा विसावा दिला, हे खरे.

पुढे गिरण्या आल्या आणि घर व कामाची जागा यांची फारकत झाली. भोंगा वाजला की काम सुरू, भोंगा वाजला की काम बंद. पण भोंग्याने विश्रांती आपोआप दिली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, आणि तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे चालविलेल्या चळवळीमुळे. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या पहिल्याच करारात उद्योगधंद्यांतील कामासाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली. आपल्या देशात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तास हीच सीमा ठरविली. विश्रांतीचा तास कोणी आपण होऊन दिलेला नाही. तो मागून, झगडून मिळविलेला आहे. आज घरी बसलेला सुशिक्षित नोकरदार तोच तास कोणी न मागता परत करीत आहे.

साथीच्या काळात २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि कचेऱ्या एकाएकी घरांत आल्या. हैदराबाद, पुणे, बंगळूर येथील कित्येक तरुण आपापल्या गावी परतले व तेथूनच काम करू लागले. साथ ओसरली, तरी ही पद्धत पुरती गेली नाही. काही दिवस कचेरीत व काही दिवस घरी, अशी वाटणी अनेक ठिकाणी राहिली. तिचे लाभ मोठे आहेत. जाण्यायेण्याचे हाल वाचतात, वृद्ध आईवडिलांजवळ राहता येते, लहान मूल असलेल्या बाईला नोकरी सोडावी लागत नाही. म्हणून ही पद्धत वाईट असे माझे म्हणणे नाही. परंतु प्रवासाचा जो वेळ वाचला, तो गेला कोठे, याचा हिशेब प्रत्येकाने मांडून पाहावा. तो वाचनाला, व्यायामाला, मुलांना मिळाला की कामानेच गिळला? सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली एक मार्मिक नियम मांडला होता. हाती जितका वेळ असेल तितके काम पसरत जाते, असा त्याचा आशय. कचेरीत तो वेळ संध्याकाळी संपतो. घरी त्याला संपावयास जागाच नाही.

ही केवळ गैरसोय असती, तर मी आपला वेळ घेतला नसता. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली एक संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेने ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यांत आढळले. दिवसाचे नऊ तास आठवड्याचे सहा दिवस धरले, तर ५४ होतात. त्यांत रविवारी सकाळी उघडलेला संगणक मिळवा, म्हणजे आपण त्या रेषेपलीकडे केव्हा गेलो, हे आपल्यालाही कळत नाही.

घरातील स्त्रीच्या बाबतीत हा हिशेब आणखी कठोर आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या; घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे देत होते. म्हणजे नोकरी घरात आली तेव्हा पुरुषाच्या वाट्याला एक काम आले आणि स्त्रीच्या वाट्याला दोन कामे एकाच वेळी आली. कुकरची शिट्टी आणि वरिष्ठांचा दूरध्वनी यांच्यामध्ये ती उभी आहे. बेळगाव जिल्ह्यातील निपाणीच्या विडी कामगार बायकांना ही स्थिती फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मांडीवर सूप, चुलीवर भात आणि मजुरी विड्यांच्या संख्येवर. तेव्हा कामाचे तास मोजणार कोण? घरी काम करणाऱ्यांस कारखान्यातील कामगारांसारखीच वागणूक मिळावी, असा आंतरराष्ट्रीय करार १९९६ साली झाला. संगणकावर काम करणाऱ्याने स्वतःस निराळा समजण्याचे कारण नाही.

मग करावे काय? पहिली गोष्ट, कामाला जागा ठरवावी. स्वतंत्र खोली प्रत्येकाकडे नसते, हे मान्य; पण एक कोपरा, एक मेज, पाठीला आधार देणारी एक खुर्ची एवढे ठरविता येते. ज्या पलंगावर निजावयाचे, त्यावर बसून काम करू नये. दुसरी गोष्ट, आरंभाची वेळ असते तशी शेवटचीही वेळ असावी, आणि ती घरच्यांस ठाऊक असावी. ज्यांचा संबंध अमेरिकेतील ग्राहकांशी असल्यामुळे रात्री काम करावे लागते, त्यांनी तितके तास दिवसातून वजा करावेत. दिवसही कामाचा आणि रात्रही कामाची, असे शरीर फार काळ सोसत नाही. तिसरी गोष्ट, काम संपविताना उद्याची कामे कागदावर लिहून काढावीत, संगणक मिटून कपाटात ठेवावा आणि पायांत वहाणा घालून अर्धा तास बाहेर फिरून यावे. कचेरीतून घरी येण्याची वाट पूर्वी मनाला निवविण्याचे काम करीत असे. ती वाट आता आपण मुद्दाम चालली पाहिजे. चौथी गोष्ट, जेवताना दूरध्वनी पानाशेजारी नसावा. आणि पाचवी, घरातील पुरुषाने कामातून उठल्यावर स्वयंपाकघरात जावे. "काय वाढले आहे" हे विचारावयास नव्हे, तर हाताला काम घेण्यासाठी.

तथापि सारा भार नोकरदाराच्या निग्रहावर टाकणे न्यायाचे नाही. रात्री अकराला आलेल्या निरोपाला उत्तर न दिल्यास बढती अडेल, अशी भीती जोवर आहे, तोवर हा उपदेश कागदावरच राहील. फ्रान्सने २०१७ च्या आरंभापासून मोठ्या आस्थापनांस कामाच्या वेळेबाहेरील संपर्काविषयी कामगारांशी वाटाघाट करणे भाग पाडले. पोर्तुगालने २०२१ साली, तातडीचे कारण नसता, मालकाने कामगारास विश्रांतीच्या वेळी गाठू नये असा कायदा केला. आपल्या लोकसभेत २०१८ साली ह्याच हेतूने एक खासगी विधेयक मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही. परंतु वरिष्ठाच्या जागी बसलेल्या प्रत्येकाला कायद्यावाचूनही एक गोष्ट करता येईल. रात्री सुचलेला निरोप लिहून ठेवावा आणि सकाळी पाठवावा. त्याने कामाचे फारसे काही बिघडत नाही. समोरच्याची झोप मात्र वाचते.

नोकरी माणसाला पोसते, म्हणून तिला घरात मान जरूर द्यावा. पण जिच्यासाठी आपण कमावितो त्या कुटुंबाची संध्याकाळच तिला देऊन टाकली, तर कमाई कशासाठी केली, असा प्रश्न उरतो. काम आपल्या घरी आले आहे, त्यास बसावयास जागा द्यावी. मात्र वेळ झाली की त्याला निरोप देण्यासही शिकावे.